दोन तऱ्हेचे खवले

आमच्या खाडीतल्या एका जीवाला एका माणसाने आपल्या आईचं नाव दिलं होतं. ते नाव मी यादीतून काढायला लावलं. काढताना मला आनंद झाला होता हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. महाडच्या खाली सावित्री नदीला भरतीचं पाणी लागतं, उन्हाळ्यात ते चांगलंच खारट होतं, आणि त्या पाण्याच्या एका थेंबात असे कितीतरी पोहत असतात. एका पेशीचा जीव. पोहायला दोन शेपट्या, आणि त्यांच्या मधे दोरीसारखं काहीतरी, जे तो कधी गुंडाळतो, कधी सोडतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच, पिवळसर, गोल आणि घाईत असलेले. कोण कुठला हे ठरवायचं तर त्यांच्या अंगावरचे खवले बघावे लागतात. ते इतके बारीक की त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो मुंबईत. मग कळतं, कुणाच्या खवल्याला ताटासारखा काठ आहे, कुणाच्या मधून काटा निघालाय, कुणावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा आहेत. बस, एवढ्यावर जात ठरते. आमच्या वाडीत मी हे समजावून सांगायला गेले, तेव्हा एक चुलते जवळ सरकून हळूच म्हणाले, "खवल्या मांजराचा धंदा करतंस काय गो? फॉरेस्टवाले धरतील." त्यानंतर मी वाडीत समजावणं बंद केलं.

वाडी पोलादपूर तालुक्यातली, आंबेनळी घाटाच्या एका वळणावरून वर चढत गेलं की येते. तिथून मी महाडच्या कॉलेजात शिकायला आले आणि पहिल्याच महिन्यात सरांच्या तावडीत सापडले. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि मराठी अशी की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस थेट पुण्याहून उतरलाय. वर्गात त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी उभी राहून म्हटलं, "सर, ते दिसत नाय." ते म्हणाले, 'नाय' नव्हे, नाही. मी खाली बसायला लागले. ते म्हणाले, म्हण, नाही. मी म्हटलं. परत म्हण. अख्ख्या वर्गासमोर दहा वेळा मला 'नाही' म्हणायला लावलं. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. हाच माणूस वरंधच्या बाजूच्या एका वाडीतला, लहानपणी 'हाय-नाय' करतच वाढलेला, हे मला दोन वर्षांनी कॉलेजच्या कारकुनाकडून कळलं. कळल्यावर राग निवायला हवा होता. तो दुप्पट झाला.

खरं सांगायचं तर, आणि सांगावंसं वाटत नाही, हे काम मला त्यांनीच शिकवलं. पाण्याचा थेंब तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर वाळवायचा कसा, मग ऊर्ध्वपातित पाण्याने मीठ धुऊन कसं काढायचं, कारण मीठ राहिलं तर त्याचे खडे खवल्यांवर बसतात आणि मुंबईला जाऊन तुम्ही फक्त मिठाचे फोटो घेऊन परत येता. फोटो हातात आला की ते आधी चित्राकडे बघतच नसत. खालची काळी पट्टी वाचत. त्या पट्टीवर मोजमापाची रेघ असते, किती पट मोठं केलंय ते असतं, आणि तारीख असते. "पट्टी कापलेला फोटो म्हणजे सही नसलेला कागद," असं ते प्रत्येक बॅचला सांगत. मीही आता सांगते, त्यांचं नाव न घेता.

त्यांच्या केबिनमधे खुर्चीच्या मागे एक चौकट होती. तिच्यात त्यांनी तरुणपणी घेतलेला फोटो. खाडीतला हा जीव, आणि त्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे खवले: काठाची गोल ताटं, आणि त्यांच्यात मिसळलेले काटेवाले. अशी जोडी कुठल्याच ज्ञात जीवावर नव्हती, म्हणून ती नवी जात ठरली आणि जगाच्या यादीत गेली. तिला त्यांनी आईचं नाव दिलं. बाकी स्टाफला वाटायचं एखाद्या देवीचं असेल. मला माहीत होतं. मुंबईहून एसटीने परत येताना एकदा, एकदाच, ते बोलले होते. त्यांची आई डोंगरातून लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन महाडच्या बाजारात यायची. पोराला हायस्कुलात घातलं ते त्याच मोळ्यांवर. तिचा एकही फोटो काढलेला नव्हता. हे सांगून झाल्यावर त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी तेच केलं, आणि मासाही काही कमी नव्हता. माझ्या पहिल्या लेखाच्या मसुद्यावर त्यांनी लाल शाईने दोनच शब्द लिहिले, 'भाषा सुधारा'. परीक्षेच्या ड्यूट्या मला, बाटल्या धुवायचं काम मला, पाहुणे आले की भाषण त्यांचं. मी मूग गिळून राहिले, पण त्या चौकटीकडे रोज बघत राहिले. आणि एक दिवस मला वाटलं, ते काटेवाले खवले त्या जीवाचे नसणारच.

असं का वाटलं, ते आमच्या वाडीतल्या एका वासरामुळे.

आमच्याकडे सगळ्या घरांची गुरं एकाच माळावर चरतात, राखणीला पाळीपाळीने एकेक घर. मी चौथीत असताना आमची गाय आणि शेजारच्यांची गाय एकाच आठवड्यात माळावरच व्याल्या. एक वासरू बिबट्याने नेलं. उरलेलं दोघींना लुचायला लागलं, आणि दोन्ही गाया त्याला चाटायला लागल्या. आई शपथेवर सांगत होती, कपाळावरचा ठिपका आपल्या गाईसारखाच आहे. शेजारीण म्हणत होती, खूर आमच्या गाईचे आहेत. अशा भांडणाला आमच्याकडे एक रीत आहे. वासरू रात्रभर देवळापाशी एकटं बांधायचं, दोन्ही गाया आपापल्या गोठ्यात, आणि सकाळी उपाशी वासराला सोडायचं. ते ज्या अंगणात शिरेल त्याचं. बाबा म्हणाले, "सोबत उभं हाय म्हणून आपलं होत नाय. एकटं सोडा. वासराला कोणाचा पक्ष घ्यायचा नाय." सकाळी त्यांनी स्वतः सोडलं. वासरू आमच्या दाराकडे मान वळवूनसुद्धा न बघता शेजारी गेलं. बाबांनी त्याच पावली जाऊन दावंसुद्धा शेजाऱ्यांना देऊन टाकलं. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

सरांनी खाडीचं पाणी जसंच्या तसं जाळीवर वाळवलं होतं. त्या पाण्यात पन्नास तऱ्हेचे जीव. वाळताना खवले गळतात, पसरतात, एकाचे दुसऱ्याला चिकटतात. सोबत उभं होतं म्हणून सरांनी ते आपलं धरलं, असा माझा आरोप. मी वासरू एकटं बांधलं. काचेची नळी ज्योतीवर ओढून केसाएवढी केली, खाडीच्या पाण्यातून एकच पेशी उचलली, ती गाळून उकळलेल्या पाण्याच्या सहा थेंबांमधून धुवत नेली आणि स्वच्छ बाटलीत एकटी सोडली. तिची सगळी पिल्लावळ म्हणजे तीच. काटेवाले खवले तिचे असतील तर पिल्लांच्या अंगावर दिसतील. वर्षभर मी फोटो काढले. फक्त काठाची ताटं. एकाही फोटोत काटा नाही. आणि नुसती ताटं असलेला जीव युरोपातल्या समुद्रातून आधीच कुणीतरी नोंदवलेला होता. म्हणजे सरांची जात नवी नव्हतीच.

त्याआधी दोन हजार एकवीसचा पूर येऊन गेला होता. सरांच्या कपाटातल्या जुन्या जाळ्या, काचेच्या निगेटिव्ह, वह्या, सगळं चिखलात गेलं. चौकट तेवढी उंचावर होती म्हणून वाचली. तळीयेत दरडीखाली माणसं गेल्याची बातमी ताजी होती, त्या दिवसांत कुणी जाळ्यांसाठी रडणं शोभलं नसतं. सर रडले नाहीत. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून थापीने कपाटातला चिखल काढत होते, एकटेच. मी दारातून बघितलं. मला दया आली नाही. मनात आलं ते हेच की आता यांच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी कॉलेजात परिसंवाद झाला. मुंबई-पुण्याचे प्राध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, सगळी मुलं. मी माझे फोटो पडद्यावर लावले. आणि सुरुवात केली वासराच्या गोष्टीने. बाबांचं वाक्य मी वाडीच्या बोलीत, 'हाय' आणि 'नाय'वर जोर देऊन म्हटलं, सरांकडे बघत. लोक हसले. दावंसुद्धा देऊन टाकलं, या वाक्याला टाळ्या पडल्या. मग मी सरांचा फोटो आणि माझे फोटो शेजारी शेजारी ठेवले.

सर उभे राहिले. म्हणाले, काटेवाले खवले पेशीच्या अंगावर होते, चिकटलेले नव्हते, आपण असे अनेक पाहिलेत. मी म्हटलं, दाखवा. ते म्हणाले, पुरात गेलं. मी तिथे थांबायला हवं होतं. जिंकले होते. पण दहा वेळा म्हटलेलं 'नाही' माझ्या घशात वीस वर्षं अडकून होतं.

"आईचं नाव दिलं म्हणून चूक खरी होत नाही, सर," मी माइकवर म्हटलं.

सर बसले. चहाच्या वेळी त्यांनी स्वतः मला कप आणून दिला आणि म्हणाले, घ्या, मॅडम. तोवर त्यांनी मला कधी तूशिवाय हाक मारली नव्हती. त्यानंतर कधी तू म्हटलं नाही.

माझा लेख छापून आला, नाव यादीतून गेलं. सर निवृत्त होऊन पोलादपूरला राहायला गेले. केबिन मला मिळाली. चौकट ते घेऊन गेले, भिंतीवर खिळा राहिला. त्या खिळ्याला मी कॅलेंडर लावलं आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या मे महिन्यात वीज सारखी जात होती. बाटल्या ज्या कपाटात थंड ठेवतो ते दिवसदिवस बंद पडायचं. मागच्या कोपऱ्यात माझ्या त्या एकट्या पेशीच्या वंशातली एक बाटली विसरून राहिली होती, पाणी बदललेलं नव्हतं, आतले जीव अर्धमेले. जूनमधे मुंबईला जायचं होतं आणि एका जाळीची जागा रिकामी होती. वाया कशाला घालवायची म्हणून मी त्या बाटलीतला थेंब वाळवला. दुसरं काही कारण नव्हतं.

पडद्यावर पेशी आली आणि मला आधी वाटलं, कुणीतरी बाटलीत भलतंच पाणी ओतलंय. ताटांमधे काटेवाले खवले होते. मी फोटो मोठा केला. काठाची जुनी ताटं सुटत होती आणि त्यांच्या खालून काटेवाले नवे वर येत होते, शिस्तीत, ओळीने. चिकटलेले नव्हते. हाल झाले, ऊन लागलं, खायला संपलं की हा जीव खवले बदलतो, एवढंच. मी त्याला वर्षभर सुखात ठेवलं होतं, म्हणून त्याने मला काटा दाखवला नव्हता. सरांनी त्याला खाडीतून उचललं ते उन्हाळ्याच्या भर तडाख्यात. बाटलीत दुसरा कुणी असणंच शक्य नव्हतं, ती माझी मीच एकटी बांधलेली. वासरू सरळ सरांच्या अंगणात शिरलं होतं.

यंत्र चालवणाऱ्याने विचारलं, मॅडम, काही नवीन?

माझ्या तोंडून "नाय" निघालं.

महाडला परत आल्यावर मी ती बाटली घेऊन मोरीपाशी उभी राहिले. ब्लीच हाताशी होतं. एक मिनिटाचं काम, आणि मग कुणालाही काही सिद्ध करता आलं नसतं. मी ओतलं नाही, पण त्याचं श्रेय मला नको. ओतून टाकलं तरी मी बघितलेलं होतंच. मी नव्याने दुसरी पेशी उचलली, एकटी वाढवली, मुद्दाम उपाशी ठेवली. ऑगस्टमधे तिच्या अंगावरही काटे आले. युरोपातला तो जीव तिकडच्यांनी कितीतरी वेळा उपाशी ठेवून बघितलेला, त्याला काटा कधीच येत नाही, म्हणजे सरांची जात वेगळीच. आता कारण उरलं नव्हतं, मग मी कारणं शोधली. परीक्षा. तपासणी समिती. हायवेचं काम. सरांची तब्येत, जिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. दिवाळी आली आणि गेली. जूनचा फोटो टेबलाच्या खणात होता, आणि मी समोरच्या कॅलेंडरवर महिने उलटत होते.

शिमग्याला वाडीवर गेले. बाबांना आता कमी दिसतं, पण कान तिखट आहेत. माझ्या आवाजावरून ते म्हणाले, काहीतरी झालंय. मी अंगणात बसून सगळं सांगितलं, परिसंवादातलं माझं वाक्यसुद्धा. त्यांनी एकच विचारलं, ते एकटंच बांधलेलं होतं ना. मी हो म्हटलं.

"मग अजून तुझ्या दाव्याला कशाला हाय?" ते म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरला उतरले. सर ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. बारीक झाले होते. अंगात बनियन, पेनं नाहीत. मला ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, आतून पाणी घेऊन आल्या आणि तांब्या तसाच हातात धरून दारात थांबल्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. काटेवाले खवले त्याच जीवाचे आहेत, दोनदा तपासलंय, मी चुकले, तसा लेख लिहून तयार आहे आणि तो छापला की नियमाप्रमाणे तुमचं जुनं नाव परत लागेल. मोठ्या पाकिटातून फोटो काढून दिला. परिसंवादातल्या वाक्याची माफी मागायचं ठरवून आले होते. ती मागितली नाही.

सरांनी हात जुन्या धोतराच्या फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि सवयीने आधी खालची पट्टी वाचली. मग चित्राकडे बघत राहिले. माझ्याकडे न बघता त्यांनी दारातल्या बाईंना जवळ बोलावलं.

"ये, बघ," ते म्हणाले. "आईचा फोटो आलाय."

बाईंनी तांब्या खाली ठेवून पदराने हात पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. सरांनी चष्मा काढला.

"जूनमधला आहे हा," ते मला म्हणाले.

मी हो म्हटलं.

"तुमच्या बाबांनी वासरू सकाळी सोडलं आणि त्याच पावली दाव्यासकट देऊन टाकलं. तुम्हीच सांगितलं होतं, माइकवर. मला ती गोष्ट पाठ आहे, मॅडम."

फोटो बाईंनी आत नेला. सरांनी शेंगांच्या टोपलीवर राहिलेलं रिकामं पाकीट उचललं, त्यावरची सालं झटकली आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाले, हे तुमचं राहिलं. मी ते घेतलं.